विरळणी वेगळी, चोरटी तोड वेगळी

गेल्या ऑक्टोबरात व्हरमाँटच्या जंगलात हातकरवत घेऊन उभा असलेला माझा एक फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात नाशिकहून मामाचं उत्तर आलं, "झाडं तोडायला गेलास काय रे तिकडे?" त्याखाली बॉस्टनजवळ राहणारा, माझ्याच नादाने स्कीला लागलेला मावसभाऊ: "भारी! दादा, आपण आपली पण एक लाइन मारू या ना. जागा बघून ठेवलीय मी." (लाइन म्हणजे झाडं कापून पाडलेली स्कीची वाट.) मामाच्या लेखी मी चोर, भावाच्या लेखी चोरीतला भागीदार. दोघांनी काम एकच धरलं होतं, एकाला ते आवडलं नव्हतं इतकंच. मी गेलो होतो ते परवानगीने, स्कीसाठी झाडी विरळ करायला. दर गणपतीला मंडळात हाच घोळ मी तोंडी निस्तरतो आणि आता खरंच कंटाळलोय.

लिफ्टने वर जायचं आणि यंत्राने सपाट केलेल्या उतारावरून खाली यायचं, हे स्कीइंग सिनेमांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. बॅककंट्रीत लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची (तिला स्किन म्हणतात, पुढे सरकते, मागे घसरू देत नाही), तास-दीड तास डोंगर चढायचा, माथ्यावर पट्टी सोलून पाठपिशवीत कोंबायची आणि दहा मिनिटांत खाली. कोलोरॅडोकडे वरचे डोंगर उघडे असतात. व्हरमाँट, न्यू हॅम्पशरचे डोंगर बहुतेक माथ्यापर्यंत झाडीने गच्च. इथे झाडांमधूनच उतरावं लागतं आणि त्यासाठी झाडांमध्ये फट लागते. ती आपोआप क्वचितच असते. कोणीतरी पाडलेली असते.

चोरटी तोड तुम्हाला समजावायला नको. चंदनापासून सागापर्यंत ती आपण बघत आलोय. इथे फक्त लाकूड कोणी नेत नाही. कापलेलं तिथेच टाकतात. हवी असते ती मधली रिकामी जागा. सगळ्यात गाजलेलं प्रकरण २००७ च्या जुलैतलं. व्हरमाँटमध्ये कॅनडाच्या हद्दीजवळ 'जे पीक' या डोंगराच्या शेजारी 'बिग जे' नावाचा डोंगर आहे, राज्याच्या मालकीचा. त्याच्या उतारावर सुमारे २,००० फूट लांब आणि काही ठिकाणी ६० फूट रुंद असा सरळसोट पट्टा दोघांनी कापून काढला. दोघांवर गंभीर गुन्हा दाखल झाला. स्की करणारेच सगळ्यात आधी संतापले, हे मामाच्या माहितीसाठी.

दुसऱ्या प्रकाराला इथे ग्लेड म्हणतात. मी त्याला विरळणी म्हणतो, कारण शेतकऱ्याचा तो शब्द याहून चपखल बसतो. ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात ब्रँडन गॅप म्हणून खिंड आहे. तिथले उतार एका स्थानिक संघटनेने वनसेवेच्या (राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) मंजुरीने, वनसेवेच्या माणसांबरोबर विरळ केले. रॉचेस्टर-रँडॉल्फ भागातली ही संघटना; तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो रास्ता. नाव ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. आपलं कोणी आहे की काय यांच्यात, असं वाटलेलं.

राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांतला फरक लोक उगाच चघळतात. तो दोन वाक्यांत संपतो. अमेरिकेत उद्यानं अंतर्गत खात्याकडे, वनं १९०५ पासून कृषी खात्याकडे, आणि लाकूड विकणं हे वनांच्या कामातच बसतं. परवानगीविना करवत चालवणं दोन्हीकडे गुन्हा. "सरकार स्वतः ट्रक भरभरून लाकूड विकतं, मग मी चार काटक्या कापल्या तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की उत्तर पाठ झालंय: एसटी महामंडळ जुनी गाडी भंगारात काढतं म्हणून आपण चालू गाडीतली सीट उचकटून घरी नेत नाही.

दुसरं पालुपद, "सार्वजनिक जमीन म्हणजे आपलीच की." ज्यांना आपल्याकडचा १९२७ चा वन कायदा थोडाफार माहीत आहे त्यांना हे एका ओळीत सांगता येतं. राखीव वनात परवानगी नसेल ते सगळं बंद, संरक्षित वनात मनाई नसेल ते सगळं चालू. अमेरिकेचं राष्ट्रीय वन चालण्या-घसरण्यापुरतं आपल्या संरक्षित वनासारखं. करवत बाहेर काढली की राखीव. परवानगीविना झाड कापलं किंवा वाट पाडली तर वनसेवेच्या नियमांखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. व्हरमाँटमध्ये दुसऱ्याचं झाड कापलं तर त्याच्या किमतीच्या तिप्पट भरपाई मागता येते, ते वेगळंच.

आता खरी मेख.

मावसभावाचं म्हणणं असं: "मोठ्या झाडाला मी हात पण लावणार नाही. अंगठ्याएवढी, मनगटाएवढी रोपटी, खालच्या फांद्या, झुडपं, बस. तुम्ही पण तेच तर कापता!" आणि तो खोटं बोलत नाही. मंजूर ग्लेडमध्येही मोठी झाडं उभीच असतात, बारीकच कापलं जातं. माथ्यावरून बघाल तर दोन्ही उतार जुळ्या भावांसारखे. म्हणून "ते जास्त कापतात, हे कमी कापतात" असं उत्तर देणारे माझ्या डोक्यात जातात. बिग जे सोडा, पण एखादी चोरटी लाइन ग्लेडपेक्षा कमी झाडं कापूनही होते. आकड्यावर गेलात की वाद हरलात.

ज्वारीची विरळणी करणारी बाई आठवा. वाकून चालताना तिचं लक्ष उपटायच्या रोपावर नसतं. वीतभर अंतरावर राहतील अशी दोन जोमदार रोपं ती आधी नजरेने धरते, मग मधली हाताला येतील तशी जातात. ठेवायचं काय हे पहिलं, उपटायचं काय हे त्यातून. उतारावर फिरणारा वनसेवेचा माणूसही हेच करतो. हा मोठा मेपल उद्या वादळात पडला तर त्याच्या जागी कोण, हे तो आधी बघतो. त्या "कोण"ची बेटं राखून ठेवतात, त्यांच्याभोवती फीत बांधतात, आणि आम्हा स्वयंसेवकांना पहिली ताकीद असते ती फितीच्या आत करवत न घालण्याची. घसरायची वाट या बेटांना वळसे घालत जाते. चांगल्या ग्लेडमध्ये वळणं मजेची लागतात ती त्यामुळेच.

चोरटी लाइन मारणाऱ्याला एकच चिंता, वळायचं कुठे. वळणाच्या आड येईल ते रोपटं जातं, मग ते त्या तुकड्यातल्या पुढच्या पिढीचं एकुलतं एक का असेना. वरचं छत्र शाबूत दिसतं, त्यामुळे पुढची दहा-वीस वर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. खाली पाळणे रिकामे झालेले असतात.

रोपटं हा शब्दही इथे फसवा आहे. रेड स्प्रूस हे सावलीत थांबून राहणारं झाड. छातीएवढा स्प्रूस पन्नास वर्षांचा असू शकतो. वरचं झाड पडून ऊन कधी मिळेल याची वाट बघत तो तसाच बसून असतो. एकदा वाऱ्याने मोडलेल्या बाल्सम फरच्या बुंध्याची वर्तुळं आम्ही खिशातल्या भिंगाने मोजली. बुंधा माझ्या मनगटापेक्षा बारीक. एकेचाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं, पुढची इतकी दाट होती की दिसेनात. माझ्या वयाचं झाड होतं ते, आणि भाऊ त्याला काटकी म्हणत होता.

त्यात स्प्रूस आणि फर एकदा बुडातून कापले की संपले. खुंटाला फुटवा येत नाही. तोडलेल्या सागाच्या खुंटाला पावसाळ्यात तरारून फुटवे आलेले बघत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटकन पटत नाही. बीच नावाच्या पानझडी झाडाचं बरोबर उलटं. तो कापला की मुळांतून डझनभर काठ्या उठतात आणि दोन-तीन वर्षांत उतार होता त्याहून गच्च होतो. शिवाय इथल्या बीचला सालीचा रोग लागलाय. आधी खवल्या कीड भोकं पाडते, मग त्यातून बुरशी शिरते. रोगट झाडाचे फुटवेही बहुधा रोगटच निघतात. म्हणजे कुठला बीच काढायचा, कुठला राहू द्यायचा आणि कापल्यावर किती वर्षं मागे लागायचं, हे झाड ओळखणाराच सांगू शकतो. ग्लेडवर आम्ही दर शरद ऋतूत परत जातो, ते निम्मं बीचपायी. चोर परत येतो तो घसरायला.

आणि मुळात जागा. ब्रँडन गॅपचे उतार मुख्यतः पानझडी झाडांचे आहेत. भावाने "बघून ठेवलेली" जागा ३,००० फुटांच्या वर, फरच्या पट्ट्यात निघाली. तिथे माती पातळ, झाड वाढायला आयुष्य लागतं, आणि त्याच दाट खुरट्या फरमध्ये बिकनेल्स थ्रश घरटं करतो. हा पक्षी फक्त ईशान्य अमेरिका आणि लगतच्या कॅनडातल्या अशा उंच झाडीत वीण करतो आणि हिवाळ्याला कॅरिबियन बेटांवर जातो. अशा ठिकाणी कितीही नाजूक हाताने कापा, त्याला विरळणी म्हणता येत नाही. परवानगी म्हणजे नुसता शिक्का असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो: राष्ट्रीय वनात त्या शिक्क्याआधी १९६९ च्या पर्यावरण धोरण कायद्याखाली छाननी होते, माती, पाणी, पक्षी-प्राणी सगळं बघतात, लोकांची मतं मागवतात. वेळ लागतो, वैताग येतो. पण फरचा पट्टा त्या चाळणीत अडकतो, तो त्यामुळेच.

"पूर्वी सगळे असंच कापायचे" हाही युक्तिवाद ऐकवतात. गावोगावच्या गुपचूप लाइनी होत्या, खरंय. पण ज्या जुन्या वाटांची नावं हे लोक अभिमानाने घेतात, त्यातली मॅसॅच्युसेट्सच्या माउंट ग्रेलॉकवरची थंडरबोल्ट १९३४ मध्ये सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी कापली. रोजगार हमीचं काम म्हणा. चोरून काहीच नव्हतं.

ओळखायचं कसं, ते सोपं आहे. मंजूर ग्लेडच्या तोंडाशी पाटी असते, नकाशा असतो, गाड्या लावायला जागा असते. चोरटी लाइन पायवाटेपासून वीस-तीस पावलं आत सुरू होते. तोंडाशी झाडी मुद्दाम तशीच ठेवलेली असते. ग्लेडमध्ये खुंट जमिनीलगत कापतात. चोर बऱ्याचदा बर्फावर उभं राहून कापतो, म्हणून उन्हाळ्यात तिथे गुडघाभर ते कमरेएवढे तिरपे, अणकुचीदार सोट उभे दिसतात. बर्फ कमी पडला त्या वर्षी ते पृष्ठभागाच्या दोन बोटं खाली असतात, दिसत नाहीत. माझ्या डाव्या पोटरीवर अशा एका सोटाची सही आहे, नऊ टाके. आणि उभी, सरळ लाइन असेल तर दोन पावसाळ्यांत तिचा ओढा होतो.

अशी लाइन दिसली तर मी तिच्यावर उतरत नाही. माग दिसला की दुसरा येतो, दुसऱ्याबरोबर करवत येते. जागा टिपून वन कार्यालयाला फोन करतो. भाऊ याला चुगली म्हणतो.

यंदा तो आमच्याबरोबर आला, तक्रार करत करत. दिवसभर मी सांगेन तेच कापलं. संध्याकाळी मी मामाला फितीने घेरलेल्या स्प्रूसच्या बेटाचा फोटो पाठवला, सगळं नीट समजावून. मामाचं उत्तर: "ते ठीक आहे, पण ती फीत नंतर सोडवा रे, प्लास्टिक आहे."

सोडवतो आम्ही. मोजून.