अपडेटनंतर स्क्रीन काळी पडली तर

लिनक्स अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि लोगो गेल्यावर डाव्या कोपऱ्यात नुसती एक आडवी रेघ लुकलुकत बसली. किंवा डेस्कटॉप आला, पण सगळं भलंमोठं दिसतंय, दुसरा मॉनिटर गायब, आणि साधा व्हिडिओ लावला तरी पंखा भणभणतोय. असा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं." कार्ड बहुधा ठणठणीत असतं. कालपर्यंत चालणारं कार्ड नेमकं अपडेटच्या मुहूर्तावर जळायचं, असा योग क्वचितच. तेव्हा आम्ही येईपर्यंत फॉरमॅट मारू नका, एवढीच विनंती.

दुखणं बहुधा ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं असतं. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पोटातच असतात, त्यामुळे ते कर्नलसोबत बदलतात आणि तक्रारीही कमी येतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून जोडावा लागतो. त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) ज्या कर्नलसाठी बांधलं, त्यालाच बसतं. नवा कर्नल आला की नवं मॉड्यूल हवं. उबंटू बऱ्याचदा ते तयार देते. बाकी ठिकाणी डीकेएमएस किंवा फेडोरावर एकेमॉड्स ही साधनं ते तुमच्याच मशीनवर बांधतात. कर्नल हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) बसवलेले नसतील किंवा बूटचं पार्टिशन (डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा) भरलेलं असेल, तर हे काम अर्धवट राहतं. फेडोरावाल्यांनी अपडेट संपल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच रीस्टार्ट करावं. मागे बांधकाम चालू असतं, पण स्क्रीनवर त्याचा मागमूस नसतो.

सर्वांत आधी जुन्या कर्नलवर जा. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप एकदा दाबा. एकदाच! बडवत सुटलात तर कर्नल निवडायच्या मेन्यूऐवजी ग्रबची (तो मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रामची) रिकामी ओळ समोर येते आणि माणूस आणखी घाबरतो. मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचा कर्नल दिसेल, तो निवडा. डेस्कटॉप नीट आला तर कार्ड शाबूत आहे आणि तुमचं दिवसाचं काम अडत नाही. नवा कर्नल नीट चालेपर्यंत हा जुना काढून टाकू नका.

तेही जमलं नाही तर मेन्यूतल्या कर्नलच्या ओळीवर ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' टाइप करा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

आता टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. यादीत जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' आहे आणि नव्याचं नावच नाही, असं दिसलं तर दुखणं सापडलं. नव्या कर्नलचे हेडर्स बसवा; बहुतेक वेळा मॉड्यूल त्यासोबत आपोआप बांधलं जातं. 'नो स्पेस लेफ्ट' असा संदेश आला तर आधी बूटमध्ये जागा करा.

सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर आणखी एक गोम आहे, आणि आमच्या अनुभवात लोक इथेच सर्वांत जास्त अडखळतात. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि काही सेकंद थांबते. त्या वेळी कोणतंही बटण दाबून 'एनरोल एमओके' (सहीची किल्ली नोंदवा) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. पण निळा रंग बघून लोक दचकतात आणि 'कंटिन्यू बूट' करून मोकळे होतात. मग मॉड्यूल जागेवर असूनही सही मान्य नाही म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' हा संदेश त्याचाच. पासवर्ड साधा ठेवा, कारण त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि विशेष चिन्हं जागा बदलतात.

'एनव्हिडिया-एसएमआय' (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) चालवल्यावर 'व्हर्जन मिसमॅच' आलं तर घाबरायचं कारण नाही. अपडेट झालंय, पण मेमरीत अजून जुनंच मॉड्यूल आहे. रीस्टार्ट करा.

कार्ड जुनं असेल तर गोष्ट वेगळी. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० मालिकेपर्यंतचाच ड्रायव्हर चालतो, त्याआधीच्या फर्मी पिढीला ३९०. नवी मालिका बसवलीत तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. नवे कर्नल आले की या जुन्या मालिका बांधताना कुरकुर करतात. अशा मशीनवर लांब मुदतीचा कर्नल ठेवून शांत बसावं किंवा नूवो हा मुक्त ड्रायव्हर वापरावा, असं आमचं मत.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून 'रन' फाइल उतरवून ड्रायव्हर बसवू नका. त्या दिवशी चालतो, पण पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या यंत्रणेला) त्याचा पत्ताच नसतो, आणि पुढच्या अपडेटला दोघांची जुंपते. आमच्याकडे येणाऱ्या किचकट केसेसमध्ये ही हमखास सापडते. आधीच बसवला असेल तर फोनवर पहिल्यांदा तेच सांगा.

फोन करण्यापूर्वी 'एलएसपीसीआय -के' चालवून ग्राफिक्स कार्डाच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' पुढे जे नाव आहे ते आम्हाला हवं. ती ओळच नसेल तर तसं सांगा. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघा, लॉगिन मागणारी काळी-पांढरी स्क्रीन आली तर हे सगळं तिथूनही होतं. पासवर्ड टाइप करताना तिथे काहीच उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो.