प्रमाणपत्र सगळ्यांना दिसते, मग ओळख पटते कशी?

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसले की ते संकेतस्थळ विश्वासार्ह आहे, हा समज इतका रुजला होता की गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधले ते चिन्हच बदलून टाकले. कुलपाचा अर्थ फार मर्यादित होता. टाइप केलेल्या पत्त्याच्या खऱ्या सर्व्हरशीच आपले बोलणे चालले आहे आणि वाटेत ते कोणाला वाचता येत नाही, एवढेच ते सांगत असे; तो पत्ता एखाद्या भामट्याने रीतसर नोंदवलेला असला तरी कुलूप दिसायचेच. या गैरसमजाची चर्चा पुष्कळ झाली. त्याच व्यवहाराची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली आहे. जोडणीच्या वेळी सर्व्हर जे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, त्यामुळे सर्व्हरची ओळख आपल्याला पटते, पण आपण कोण आहोत हे सर्व्हरला त्यातून मुळीच कळत नाही. म्हणून आपण पासवर्ड टाकतो.

पासवर्डची मूळ अडचण अशी, की ओळख पटवण्यासाठी गुपितच समोरच्याच्या हवाली करावे लागते. समोरचा तोतया निघाला तर गुपित गेलेच. सुरक्षित जोडणीचे नियम ज्या टीएलएस प्रणालीत बांधलेले आहेत, तिच्या १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच यावर उपाय आहे: सर्व्हर जसे स्वतःचे प्रमाणपत्र दाखवतो, तसेच तो येणाऱ्याकडेही प्रमाणपत्र मागू शकतो. ही सोय वापरली की कोणतेही गुपित न सांगता ओळख पटते. हे कसे घडते, ते मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते.

एक स्वतःपाशी गुप्त ठेवायची खाजगी आणि दुसरी सगळ्यांना सांगायची सार्वजनिक, अशा जोडीच्या दोन किल्ल्यांची कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांना ती प्रत्यक्षात आणणारे गणित सापडले, आणि १९७८ मध्ये एमआयटीतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ‘प्रमाणपत्र’ ही संकल्पना सुचवली. एखाद्याचे नाव आणि त्याची सार्वजनिक किल्ली एकत्र लिहून त्याखाली विश्वासू संस्थेने डिजिटल स्वाक्षरी केली, की झाले प्रमाणपत्र. त्यात गुप्त असे काहीही नसते. टीएलएसच्या १.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तर ते जोडणीच्या सुरुवातीला उघडेच पाठवले जात असे आणि वाटेतल्या कोणालाही त्याची नक्कल करता येत असे. म्हणजेच प्रमाणपत्र जवळ असण्याने काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध करायचे असते ते त्यातल्या सार्वजनिक किल्लीची जोडीदार खाजगी किल्ली आपल्याकडे आहे हे.

ते कसे करतात, हे छोट्या आकड्यांनी पाहू. समजा एका व्यक्तीची सार्वजनिक किल्ली ३ आणि ३३ या दोन संख्यांची आहे, आणि तिची खाजगी किल्ली ७ आहे. तिला ४ या संख्येवर स्वाक्षरी करायची आहे. ती ४ चा सातवा घात काढते, तो येतो १६३८४. त्याला ३३ ने भागल्यावर बाकी उरते १६. ही १६ म्हणजे तिची स्वाक्षरी. तपासणारा १६ चा घन काढतो, ४०९६. त्याला ३३ ने भागतो, आणि बाकी उरते ती नेमकी ४. तपासणाऱ्याला ७ ही संख्या कधी सांगावी लागली नाही, तरी स्वाक्षरी ७ माहीत असणाऱ्यानेच केली हे त्याला कळले. ३३ चे अवयव ३ आणि ११ कोणीही पाडेल आणि त्यावरून ७ शोधूनही काढेल; पण प्रत्यक्षात ३३ च्या जागी सुमारे ६१७ अंकी संख्या असते, आणि तिचे अवयव पाडण्याची व्यवहार्य रीत आजच्या संगणकांकडे नाही.

आता प्रश्न उरतो तो स्वाक्षरी कशावर करायची हा. ठरावीक मजकुरावर केली, तर एकदा ऐकलेली स्वाक्षरी चोर उद्या पुन्हा वापरील. म्हणून २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्ये स्वाक्षरी होते ती त्या क्षणापर्यंत दोघांत झालेल्या संपूर्ण संभाषणावर. त्यात दोन्ही बाजूंनी निवडलेल्या यादृच्छिक संख्या असतात, सांकेतिक किल्ली ठरवण्यासाठी दिलेले आकडे असतात आणि सर्व्हरने दाखवलेले त्याचे स्वतःचे प्रमाणपत्रही असते. या साऱ्याचा हॅश, म्हणजे सारांशरूप ठसा, काढला जातो; एसएचए-२५६ पद्धत वापरली तर तो ३२ बाइटांचा असतो. पण स्वाक्षरी नुसत्या ठशावर होत नाही. आधी ६४ वेळा रिकाम्या जागेचे अक्षर, मग ‘टीएलएस १.३, क्लायंट सर्टिफिकेट व्हेरिफाय’ हे इंग्रजी स्पेलिंगमध्ये ३३ अक्षरांचे वाक्य, मग एक शून्य बाइट आणि शेवटी ठसा, असा एकूण १३० बाइटांचा मजकूर तयार होतो, आणि त्यावर खाजगी किल्ली चालते.

त्या ६४ रिकाम्या जागा निरर्थक वाटतात, पण त्यांच्यामागे कारण आहे. जुन्या आवृत्त्यांत सर्व्हर ज्या मजकुरावर स्वाक्षरी करायचा, त्याची सुरुवात समोरच्याने पाठवलेल्या ३२ बाइटांनी होत असे आणि त्यानंतर सर्व्हरचे स्वतःचे ३२ बाइट येत. म्हणजे हल्लेखोराला आपल्या पसंतीच्या सुरुवातीवर स्वाक्षरी मिळवता येत होती. ६४ रिकाम्या जागा नेमका तो भाग झाकून टाकतात, त्यामुळे जुन्या पद्धतीत मिळवलेली स्वाक्षरी नव्या पद्धतीत खपवता येत नाही. वाक्यातला ‘क्लायंट’, म्हणजे सर्व्हरकडे येणारा, हा शब्दही असाच कामाचा आहे: सर्व्हरच्या स्वाक्षरीत त्या जागी ‘सर्व्हर’ असते, म्हणून एकाची स्वाक्षरी दुसऱ्याची म्हणून चालत नाही.

याचा परिणाम असा, की तोतया सर्व्हरने आपल्याला फसवून आपली स्वाक्षरी मिळवली तरी ती खऱ्या सर्व्हरपुढे निरुपयोगी ठरते, कारण तिच्यातल्या ठशात तोतयाचे संभाषण आणि तोतयाचे प्रमाणपत्र मुरलेले असते. पासवर्ड कितीही लांब असला तरी त्याला हे साधत नाही. ‘लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हा फरक लपवू नये. मजकूर सांकेतिक करणाऱ्या ज्या २५६ बिटांच्या एईएस पद्धतीला असे मिरवले जाते, ती २००१ पासून जाहीर मानक आहे आणि साध्या फोनमध्येही चालते. आणि तिने बोलणे झाकले जाते, बोलणारा कोण हे तिला ठाऊक नसते.

सर्व्हरवर हे बसवायला लिहावे लागते ते थोडेच. एन्जिनएक्स या वेब सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी पुरतात: एकीत येणाऱ्यांची प्रमाणपत्रे कोणत्या संस्थेने दिलेली असावीत हे सांगायचे आणि दुसरीत तपासणी सक्तीची करायची. अपाची या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तसेच आहे. सर्वांत घातक चूक पहिल्या ओळीत होते. सर्व्हरसोबत आलेली जगभरच्या सार्वजनिक प्रमाणन संस्थांची यादी तिथे तशीच देऊन टाकली, तर त्यांतल्या कोणत्याही संस्थेचे चालणारे प्रमाणपत्र असलेला माणूस आत येतो. इथे स्वतःची छोटी प्रमाणन संस्था उभारून फक्त तिचेच मूळ प्रमाणपत्र द्यावे. तिची खाजगी किल्ली वेब सर्व्हरवर ठेवू नये, आणि वापरकर्त्याची किल्ली त्याच्याच यंत्रावर तयार करून तिथून फक्त सही मागणारा अर्ज पाठवावा. किल्ली आपण बनवून ईमेलने धाडली की वर सांगितलेल्या गणिताला अर्थ राहत नाही.

सर्व्हरच्या पुढे प्रॉक्सी, म्हणजे येणाऱ्या विनंत्या आधी स्वतः घेऊन मागे पोचवणारा मध्यस्थ सर्व्हर, असेल तर जोडणी प्रॉक्सीपाशी संपते आणि तपासलेले नाव मागच्या सर्व्हरला विनंतीच्या शीर्षकातल्या (हेडरमधल्या) एका ओळीत कळवले जाते. मागचा सर्व्हर थेट पोचण्याजोगा असला तर ती ओळ कोणीही स्वतः लिहून पाठवू शकतो, म्हणून तो फक्त प्रॉक्सीचेच ऐकेल असे बंधन हवे. एखाद्याचे यंत्र हरवले तर त्याचे प्रमाणपत्र रद्द यादीत घालावे लागते. एन्जिनएक्स ती यादी स्वतः सुरू होताना किंवा आपली मांडणी (कॉन्फिगरेशन) पुन्हा वाचताना उचलतो. नुसती फाइल बदलून भागत नाही. शिवाय यादीचीही मुदत असते, आणि ती उलटली की वैध प्रमाणपत्रवालेही बाहेर राहतात.

चाचणी मी नेहमी उलट्या बाजूने करतो: आधी प्रमाणपत्राविना, मग परक्या संस्थेच्या, मग मुदत संपलेल्या आणि मग रद्द केलेल्या प्रमाणपत्राने. चारही वेळा एन्जिनएक्सने ४०० क्रमांकाची चूक दाखवली, की मगच योग्य प्रमाणपत्र वापरतो. पाचवा प्रयत्न म्हणून प्रमाणपत्र एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची अशी जोडी लावून पाहिली, तर सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच आपल्याच यंत्रावरचे ओपनएसएसएल हे टीएलएस हाताळणारे सॉफ्टवेअर किल्ल्या जुळत नसल्याची तक्रार करून थांबते. आणि कोणी ती तपासणी काढून टाकली, तरी त्या १३० बाइटांवरची स्वाक्षरी सर्व्हरपाशी जुळत नाही.