बाळंतपणानंतरचं नैराश्य : संशय हार्मोनवर का गेला?

लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने गरोदर आणि बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर १८५८ मध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा हार्मोन हा शब्दही नव्हता. तो आला १९०५ मध्ये. पुढे कळलं की गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी चढतात आणि प्रसूतीनंतर काही दिवसांतच धाडकन खाली येतात. मग संशय तिथेच जाणार. पण ही घसरण तर प्रत्येक बाळंतिणीत होते, आणि नैराश्य काहींनाच येतं. ते का?

याचा छडा लावणारा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा स्त्रिया, एकही बाळंतीण नाही. आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य येऊन गेलेलं, आठजणींना नाही. औषधाने त्यांची पाळीची हार्मोन्स आधी बंद केली, मग आठ आठवडे दोन्ही हार्मोन्स भरपूर दिली आणि त्यांच्या नकळत थांबवली. थोडक्यात, बाळाविना बाळंतपण. पूर्वी आजारी पडलेल्या आठपैकी पाचजणी पुन्हा खचल्या, उरलेल्या आठांत एकही नाही. घसरण सगळ्यांची तीच होती. ती सोसणारे मेंदू वेगळे होते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच. तरीही ‘हार्मोन तपासून घ्या’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो.

औषधही याच वाटेने आलं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनतं, ते मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेला बळ देतं. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ब्रेक्सॅनोलोन म्हणजे तेच द्रव्य. २०२४ अखेर ते बंद झालं, तोवर सलग ६० तास सलाईनमधून द्यावं लागायचं. आईची शुद्ध अचानक हरपण्याची भीती असे म्हणून बाळाला घेताना शेजारी कुणीतरी लागायचंच. २०२३ मध्ये झुरॅनोलोनची गोळी आली : १४ दिवस, रोज संध्याकाळी, स्निग्ध जेवणाबरोबर.

आपल्याकडचं चित्र मात्र गोव्यातल्या २००२ च्या अभ्यासात दिसतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारे २३ टक्के बाळंतिणींत नैराश्य आढळलं. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं. हार्मोन्स तर मुलगा झाला तरी उतरतातच. शिवाय यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच, हार्मोन्स चढती असतानाच, ढासळलेलं होतं.