मिरची, ढेकूळ आणि कापसाचं बोंड

उन्हाळ्यात आमच्या माळवदावर मिरच्या वाळत असतात. यंदा आजीने त्या जुन्या हिरव्या लुगड्यावर पसरल्या होत्या. लालभडक मिरच्या, खाली हिरवं कापड. मोबाइलवर फोटो झकास आला. मग मी तो कृष्णधवल केला आणि मिरच्या कापडात विरघळूनच गेल्या. आजीने चष्मा सावरून पाहिलं आणि विचारलं, "मिरच्या कामून दिसंना गेल्या रं?"

प्रश्न अगदी मुळाचा आहे. रंग काढला की फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा फक्त उजळपणा उरतो, आणि तो मोजताना लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांना सारखं वजन मिळत नाही. माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो. म्हणून नेहमीच्या एका सूत्रात हिरव्याचा वाटा ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ धरतात. ० ते २५५ या मापात (० म्हणजे पूर्ण अंधार, २५५ म्हणजे सर्वांत उजळ) मिरचीचा लाल २००, हिरवा ३० आणि निळा ३० समजा. उजळपणा येतो ८१. कापडाचा लाल ४०, हिरवा १०५, निळा ५० असेल तर उजळपणा ७९. रंग एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, पण उजळपणात फरक फक्त दोनचा!

म्हणून फोटो रंगीतच काढावा आणि राखाडी करताना कोणत्या रंगाला किती वजन द्यायचं ते आपण ठरवावं. मी लाल वाढवला, हिरवा उतरवला. निव्वळ लाल प्रकाश मोजला तर मिरची २०० आणि कापड ४०. मिरच्या उजळून वर आल्या, त्यांच्या सालीवरच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतील अशा. फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढची लाल काच करायची. ती निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आभाळ गडद होतं आणि पांढरे ढग उठून दिसतात.

त्याआधीच्या छायाचित्रकारांना मात्र ही निवडच नव्हती. मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती हाताने रंगवत होता. पुढे त्याने लेण्यांचे फोटोही काढले. त्या काळी फिल्मच्या जागी वापरायच्या काचेच्या प्लेटला मुख्यतः निळा प्रकाश कळायचा, लाल जवळजवळ नाहीच. अशा प्लेटवर भिंतीवरचा गेरू काळपट आणि लाजवर्दी निळा पांढुरका उमटणार. १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत त्याच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. ती हानी कृष्णधवल फोटोंनी भरून निघण्यासारखी नव्हती, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. प्लेटमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा प्रकाशही कळू लागतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन फोगेलने १८७३मध्ये दाखवलं.

रंग गेल्यावर हाताशी राहते ती सावली. नांगरलेल्या रानात जा. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना ५ सेंटिमीटर उंचीच्या ढेकळाची सावली साधारण २८ सेंटिमीटर पडते. उगवल्यानंतर पाऊण तासाने एवढा सूर्य वर आलेला असतो. तेच रान मेच्या मध्यात भर दुपारी पाहा. लातुरात आणि छत्रपती संभाजीनगरात त्याच सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, ऊन बरोबर माथ्यावर असतं आणि ढेकळं सपाट दिसतात. काळ्या मातीच्या भेगांचा फोटो मी म्हणूनच सकाळी काढतो, तोही सूर्य बाजूला ठेवून. पाठीमागून ऊन आलं तर सावल्या ढेकळांच्या आड दडतात.

कॅमेऱ्याची एक सवयही ओळखून असावी. समोर काहीही असो, त्याला सगळं मिळून मध्यम राखाडी हवं असतं. म्हणून काळी माती राखेसारखी येते आणि कापसाचा ढीग मळका. मातीचा फोटो काढताना उजेड मुद्दाम उतरवायचा, कापसाच्या वेळी चढवायचा. मोबाइलवर बोट टेकवल्यावर सूर्याचं चिन्ह दिसतं, ते खालीवर सरकवलं की झालं.

खरी कसरत दोन्ही एकत्र आल्यावर होते. वेचणीच्या दिवसांत एखादं फुटलेलं बोंड काळ्या मातीवर पडलेलं असतं. कॅमेरा मातीकडे पाहून उजेड वाढवतो आणि कापूस २५५वर जाऊन नुसता पांढरा डाग होतो. तिथे धाग्यांची नोंदच झालेली नसते, त्यामुळे नंतर कितीही खटाटोप केला तरी ते परत येत नाहीत. तेव्हा उजेड कापसावर जुळवायचा, धागे सुटे दिसेपर्यंत उतरवायचा. माती गडद झाली तर होऊ द्यावी. आमच्या रानात ती तशीच असते.