माहितगार, संशोधक, शाहीर: इतिहासावरच्या मुलाखतींची पार्श्वभूमी

मराठीत गेल्या पाच-सात वर्षांत इतिहासावरच्या लांबलचक मुलाखतींचा पूर आला आहे. दोन-दोन, तीन-तीन तासांच्या गप्पा, समोर माइक, मागे मावळ्यांचं किंवा किल्ल्याचं चित्र आणि पाहुण्याच्या नावाखाली एक पट्टी. पट्टीवर कधी ‘इतिहासकार’ असतं, कधी ‘इतिहास संशोधक’, कधी ‘अभ्यासक’, ‘दुर्ग अभ्यासक’, ‘शिवव्याख्याते’, ‘ऐतिहासिक कादंबरीकार’. एकच माणूस तीन वाहिन्यांवर तीन पट्ट्यांखाली दिसतो. या टिपणाचा मुख्य विषय ती पट्टीच आहे, पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

भूतकाळाबद्दल जाणत्याला बसवून विचारायचं, ही रीत आपल्याकडे छापखान्याच्या कितीतरी आधीची. १६८९ नंतर राजाराम महाराज दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्यात होते. तिथे त्यांनी कृष्णाजी अनंत सभासदांना प्रश्न केला. थोरल्या महाराजांनी एवढा पराक्रम केला, चार पातशाह्यांना जेरीस आणलं, आणि तरी औरंगजेब येऊन आपले किल्ले घेतो, याचा अर्थ काय? तुम्ही राज्यातले जुने माहितगार, तेव्हा सुरुवातीपासून सगळं लिहून द्या. सभासद बखर हे या प्रश्नाचं उत्तर. बखरीच्या आरंभीच हा प्रश्न नोंदवलेला आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विचारणारा कोण, त्याला काय सलत होतं, सांगणाऱ्याला कोणत्या अधिकाराने विचारलं, हे सगळं वाचकाला पहिल्या पानावर कळतं.

गावपातळीवर याहून काटेकोर व्यवस्था होती. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसे. गावचे जाणते, शेजारच्या गावांचे पाटील, बलुतेदार यांना शपथ घालून ‘पूर्वीपासून काय चालत आलं’ ते विचारलं जाई आणि निवाड्याचा लेख, म्हणजे महजर, लिहिला जाई. कोण हजर होतं, कोणी कोणाच्या बाजूने साक्ष दिली, हे त्यात नावानिशी येई. सही न येणारा पाटील नांगराची निशाणी करी. सांगोवांगी आणि साक्ष यांतला फरक ही माणसं नीट ओळखून होती.

मग इंग्रजी अंमल आला. साताऱ्याच्या रेसिडेंटाने, ग्रँट डफने, १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. त्याचं मराठी भाषांतर लवकरच निघालं आणि त्याला नाव मिळालं ‘मराठ्यांची बखर’. इतिहास या अर्थाने दुसरा शब्द अजून रुळलेला नव्हता. चार दशकांनी पुण्यातल्या एका तरुण विद्यार्थ्याने डफवर खरमरीत निबंध वाचला, १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक जुन्या बखरी आणि कागद छापू लागलं. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे.

खरं वळण १८९८ चं. त्या साली विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. वाईत सापडलेली पानिपतच्या काळातली पत्रं त्यात होती. राजवाड्यांची भूमिका अशी की एक अस्सल कागद सगळ्या बखरींच्या एकमताला पुरून उरतो. बखर म्हणजे मागाहून, आठवणीने, कोणासाठी तरी सांगितलेली हकीकत. पत्र त्या दिवशी, त्या कामासाठी लिहिलेलं. या एका निकषाने माहितगार मागे पडला आणि कागद पुढे आला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तेव्हा त्याच्या नावात ‘इतिहास संशोधक’ हे शब्द घातले गेले. शोध घेणारा, घरोघरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडवणारा, मोडी वाचणारा, तो संशोधक. स्वतःला इतिहासकार म्हणवण्याआधी साधनं जमवायला हवीत, असा तो काळ होता.

गंमत अशी की ते रुमाल मिळायचे बोलण्यातूनच. राजवाडे गावोगाव पायपीट करत, वाड्यांच्या ओसरीवर बसत, दप्तर दाखवायला नाखूष असलेल्या मालकाची समजूत काढत. ‘आमच्या पणजोबांनी असं केलं’ ही घरची गोष्ट आधी ऐकून घेतल्याशिवाय पेटारा उघडत नसे. ती गोष्ट मात्र बहुतेकदा छापली गेली नाही. कागद छापला गेला. कुटुंबांत जिवंत असलेल्या किती आठवणी त्या ओसऱ्यांवरच राहिल्या असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

इतिहासकारांच्या आपापसातल्या संवादाचा सर्वात समृद्ध ठेवा पत्रांत आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि बंगालचे जदुनाथ सरकार यांचा पत्रव्यवहार काही दशकं चालला. सरदेसाई उतारवयात कामशेतला राहत. एखादी तारीख जुळत नाही, एखाद्या फारसी शब्दाचा अर्थ लागत नाही, की पत्र सुटे. जदुनाथ सरकार यांच्या पाठबळाने पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, निवडीसाठी उघडलं गेलं आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत सरदेसायांनी त्याचे ४५ भाग काढले. पुण्यातल्या काही संशोधकांना दप्तराची किल्ली अशी एकाच हाती जाणं रुचलं नाही आणि त्या नाराजीला कारण होतं. पण या दोघांची पत्रं वाचली की प्रश्न विचारणं म्हणजे काय ते कळतं. दोघेही ‘मला हे माहीत नाही’ असं संकोच न करता लिहितात.

आता पट्टीकडे. मराठीत इतिहासाशी नातं सांगणारी बिरुदं पुष्कळ आणि ती लोकांनी प्रेमाने दिलेली. राजवाडे इतिहासाचार्य, सरदेसाई रियासतकार. ही नावं कामावरून पडलेली आहेत. शाहीर हे बिरुद मात्र वेगळ्या परंपरेतून येतं. शाहीर पोवाडा रचतो, डफ-तुणतुण्यावर गातो, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो. त्याच्याकडून कोणी तळटीप मागत नाही. तरीही अफझलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा जवळजवळ समकालीन मानला जातो, म्हणजे तो स्वतःच एक साधन आहे. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवचरित्र सांगायला पोवाड्याचाच घाट निवडला, कारण त्यांना ते कुळवाड्यांपर्यंत पोचवायचं होतं आणि प्रस्थापित मांडणीला उत्तर द्यायचं होतं. त्यामुळे ‘शाहीर म्हणजे कल्पना, संशोधक म्हणजे सत्य’ अशी सरळ वाटणी करता येत नाही.

हा गुंता २०१५ साली रस्त्यावर आला. राज्य सरकारने ‘महाराष्ट्र भूषण’ हा सर्वोच्च सन्मान ज्येष्ठ शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरे यांना जाहीर केला. त्यांची जडणघडण पुण्यातल्या त्याच संशोधक मंडळात झाली होती. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखलं व्याख्यानांतून आणि हत्ती-घोड्यांसह होणाऱ्या महानाट्यातून, आणि बिरुद होतं शाहिराचं. विरोधकांचं म्हणणं होतं की त्यांच्या मांडणीत इतिहासाचा विपर्यास आहे, विशिष्ट जातीच्या माणसांना जास्तीचं स्थान आहे. समर्थक म्हणत, घराघरांत शिवचरित्र त्यांनीच नेलं. उच्च न्यायालयात याचिका झाली, ती फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये राजभवनात कडक बंदोबस्तात सोहळा झाला.

त्या काळात दूरचित्रवाणीवर जेवढ्या चर्चा झाल्या, त्यांत एक गोष्ट सतत निसटत होती. टीका करणारे त्यांना इतिहासकार म्हणून तपासत होते, पाठीराखे शाहीर म्हणून वाचवत होते, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा इतिहासकार म्हणून गौरवत होते. सन्मान नेमका कोणत्या कामासाठी आहे, हे आधीच एका वाक्यात स्पष्ट केलं असतं तर वाद टळला नसता, पण तो निदान एका विषयावर झाला असता. माझ्या मते चूक तिथे झाली आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत. विधानाची तपासणी करायची सोडून विधान करणाऱ्याची जात आणि गट तपासण्याची सवय त्यानंतर अधिकच घट्ट झाली.

ही सवय जीवावरही बेतू शकते, हे त्याआधी दिसलं होतं. २००३ साली एका अमेरिकन अभ्यासकाचं शिवरायांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यातल्या एका अत्यंत आक्षेपार्ह मजकुराने लोक दुखावले आणि ते दुखावणं खरं होतं. पण रोख वळला तो ऋणनिर्देशाकडे. लेखकाने ज्यांच्याशी बोलल्याचे आभार मानले होते, त्यांतल्या पुण्याच्या एका संस्कृत पंडितांना डिसेंबरमध्ये काळं फासलं गेलं. ५ जानेवारी २००४ रोजी ऋणनिर्देशात नाव असलेल्या पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. राज्य सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी उठवण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय २०१० साली सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. त्या पंडितांनी लेखकाला साहाय्य केलं म्हणजे मजकुराला संमती दिली, असं ठरवायला कसलाच आधार नव्हता. ज्या महाराष्ट्रात महजरात प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या नावापुढे लिहून ठेवत, तिथे हे घडलं.

लेखक आणि जाणकार यांचं बोलणं छापून ठेवण्याचा चांगला दाखलाही आपल्यापाशी आहे. १९६८ साली आलेल्या शिवाजी महाराजांवरच्या एका गाजलेल्या कादंबरीला नांदेडच्या मराठीच्या प्राध्यापकांची दीर्घ प्रस्तावना आहे आणि ती चक्क कादंबरीकाराला लिहिलेलं पत्र आहे. कोणता पुरावा कुठवर ताणता येतो, कादंबरीकाराला कुठे मोकळीक आहे, महाराजांचं मोठेपण लढायांपलीकडे कशात आहे, हे त्यात मोकळेपणी मांडलंय. कित्येक वाचकांनी कादंबरीइतकीच ती प्रस्तावना पुन्हा पुन्हा वाचली आहे.

आजच्या मुलाखतींत याची फार उणीव भासते. २०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा हिंदी चित्रपट आला, तो एका मराठी कादंबरीवर आधारलेला. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातल्यांनी आक्षेप घेतला आणि पुढचे काही आठवडे पाहुण्यांची रीघ लागली. संभाजी महाराज पकडले गेले ती फितुरी कोणाची, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला गेला. ‘हे तुम्ही कशावरून म्हणता, बखरीवरून, समकालीन पत्रावरून की कादंबरीवरून?’ हा पुढचा प्रश्न क्वचितच आला. जिथे आला, तिथे चर्चेचा सूर लगेच खाली आला आणि ऐकण्यासारखं काही हाती लागलं. काही तरुण मोडी वाचक आता मूळ कागदाचं चित्र पडद्यावर लावून ओळ न् ओळ वाचून दाखवतात, अडलेलं अक्षर अडलं म्हणून सांगतात. राजवाड्यांना हे नक्की आवडलं असतं.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या आठवड्यात पुन्हा मुलाखतींची झुंबड उडाली. जिंजीच्या तिन्ही टेकड्या, तटबंदी, वेढ्याची वर्षं, सगळ्यावर बोलणं झालं. मी ऐकलेल्यांपैकी एकातही सभासदांचं नाव आलं नाही.