चोरी तीच, शिक्षा वेगळी का?

ठाण्यात कोर्टनाक्यावर चहा पिताना वकिलांच्या गप्पा कानावर पडल्या तर ऐका, दोषी ठरला हे तर झालंच, पण 'सेंटेन्सवर काय झालं?' हा प्रश्न येतोच येतो. आपल्याला वाटतं गुन्हा सिद्ध झाला की संपलं. तसं नाही. सेशन्स कोर्टात दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकतात, मग पहिलाच गुन्हा आहे साहेब, घरात म्हातारी आई आहे, कमावता हा एकटाच, असं सगळं येतं आणि समोरून सरकारी वकील जास्तीत जास्त द्या म्हणतो.

आता साधी चोरी घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तिला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पहिल्यांदाच केली, माल ५००० रुपयांच्या आतला आणि तो परत केला, तर समाजसेवा. पण नुसता दंड ते ३ वर्षं, मधली एवढी मोठी जागा कोण भरणार? जजसाहेबांचं डोकं!

आणि डोकं म्हटलं की गडबड आलीच. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याने आधी १०० सांगितले तर आपण ७० वर येतो, ६० सांगितले असते तर ४० वर आलो असतो, भाजी तीच. जर्मनीत २००६ च्या एका प्रयोगात कायद्यातल्याच माणसांना दुकानात चोरी करणाऱ्या बाईची केस दिली, आणि सरकारी वकिलाने किती महिने मागितले ते चक्क फासे टाकून ठरवायला लावलं. फासे गुपचूप असे बनवलेले की बेरीज ३ तरी येणार नाहीतर ९. ३ वाल्यांनी सरासरी ५ महिने दिले, ९ वाल्यांनी ८! आकडा फाशांतून आलाय हे डोळ्यांसमोर दिसत असताना!

व्हॉट्सॲपवर फिरतो तो 'भुकेला जज' वाला इस्रायली अभ्यास (२०११) मात्र मी जपूनच घेतो. तो शिक्षेचा नाही, पॅरोलचा, म्हणजे कैद्याला मुदतीआधी सोडायचं का याचा. खाण्याच्या ब्रेकनंतर ६५ टक्के अर्ज मंजूर, मग उतरत उतरत शून्याजवळ, असं त्यात निघालं खरं, पण वकील नसलेले कैदी ब्रेकच्या आधी शेवटी यायचे असं नंतर इतरांनी दाखवलं, मग दोष पोटाचा की यादीचा?

इंग्लंडमध्ये कुठल्या गुन्ह्याला कुठून सुरुवात करायची याचे छापील तक्ते आहेत. आपल्याकडे फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्येच तसं काहीतरी करा म्हटलं होतं, तक्ते अजून नाहीत. त्यात आपल्याकडे खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, आणि बऱ्याचदा कोर्ट 'आत काढले तेवढे दिवस पुरे' म्हणून सोडून देतं. म्हणजे तळोज्याच्या तुरुंगात ७ महिने काढले असतील तर शिक्षा ७ महिने. मला तर हाही फाशावरचाच आकडा वाटतो, फक्त तो तारखांवर तारखा पडून आलेला.