मीटरवर २३०.५ व्होल्ट, स्क्रीनवर शून्य

पॅनेलमधलं एनर्जी मीटर आपल्या डिस्प्लेवर २३०.५ व्होल्ट दाखवतंय. कंट्रोल रूमच्या संगणकावर त्याच मीटरचा आकडा मात्र शून्य. वायर शाबूत, मीटर शाबूत, कम्युनिकेशनचा दिवाही लुकलुकतोय. चाकणला असो की सातपूरला, कारखान्यात मीटर जोडणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. आधी मीटरवर संशय घेतला जातो, मग वायरमनवर. चूक दोघांचीही नसते.

ही दोन यंत्रं ज्या भाषेत बोलतात ती मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ साली आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांसाठी, ती तयार केली. नियम मोजके आणि सगळ्यांना खुले, वापरायला पैसे नाहीत. त्यामुळे बघता बघता बाकीच्यांनीही ती उचलली. आज मीटर, मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी, तापमान नियंत्रक, सोलर इन्व्हर्टर अशा कितीतरी उपकरणांत ती असते.

नियम जुन्या शाळेतल्यासारखा आहे: विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. एक मास्टर (इथे संगणक), बाकी सगळे स्लेव्ह (मीटरसारखी उपकरणं). प्रत्येकाला १ ते २४७ मधला एक क्रमांक. मास्टर विचारतो, 'एक नंबर, तुझ्या पहिल्या दोन रजिस्टरांत काय आहे?' रजिस्टर म्हणजे उपकरणातला आकडा ठेवायचा कप्पा. मास्टरचा हा सगळा प्रश्न आठ बाइटांत मावतो. त्यातले शेवटचे दोन बाइट निरोप वाटेत बिघडला का, हे तपासण्यासाठी. ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, या वेगाने तो पाठवायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. भट्टीच्या तापमानासाठी हे पुष्कळ झालं. रोबोटचे सांधे एका लयीत हलवायचे तर मात्र हा वेग अगदीच तोकडा, म्हणून तिथे इथरकॅटसारख्या दुसऱ्या, वेगवान भाषा येतात. शिवाय मीटरला आग लागली तरी त्याने आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं, हेही या शिस्तीतच आलं.

आता त्या शून्याकडे येऊ. मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटांचं असतं, म्हणजे त्यात ० ते ६५५३५ एवढेच आकडे. दशांश ठेवायला जागाच नाही. म्हणून मीटर २३०.५ हा आकडा ३२ बिटांत लिहितं आणि त्याचे दोन तुकडे करून दोन रजिस्टरांत ठेवतं: एकात १७२५४, दुसऱ्यात ३२७६८. या दोघांत आधी कोण, याबद्दल मूळ नियमावली काहीच बोलत नाही. रजिस्टराच्या आतल्या दोन बाइटांचा क्रम तिने ठरवून दिला, दोन रजिस्टरांचा नाही. एक उत्पादक डावा तुकडा आधी पाठवतो, दुसरा उजवा. संगणकाने तुकडे उलटे जोडले, की जो आकडा तयार होतो तो ऋण आणि इतका सूक्ष्म, की दशांशचिन्हानंतर चाळीस शून्यं लिहावी लागतील. स्क्रीनवर अर्थातच ०.००.

एवढ्यावर भागत नाही. मॅन्युअलमध्ये ४०००१ असं छापलेलं पहिलं रजिस्टर वायरवरून मागायचं ते शून्य क्रमांकाने, कारण तिथे मोजणी शून्यापासून होते; त्यामुळे एकाची चूक नेहमीचीच. दोन वायरींवरच्या ए आणि बी या खुणाही काही उत्पादक उलट्या छापतात. 'कम्युनिकेशन येत नाही? आधी वायरी उलट करून बघ,' हा सल्ला साइटवर हमखास मिळतो आणि बऱ्याचदा लागूही पडतो.

मग एक नीट, सर्वांना मान्य असं मानक का नाही केलं? केलं की! कारखान्यातल्या जाळ्यांसाठी वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २००० च्या सुमारास आयईसी ६११५८ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात एकमेकांशी न जुळणाऱ्या आठ पद्धती शेजारीशेजारी बसवल्या होत्या. माझ्या मते समितीने तंटा मिटवला नाही, फक्त त्याला क्रमांक दिला. २००८ च्या ओपीसी यूए या नव्या भाषेने खरी उणीव ओळखली: आकड्यासोबत तो व्होल्ट आहे की अँपिअर, हेही सांगायची सोय त्यात आहे. पण दोन-चारशे जुनी मीटरं कोण बदलणार?

मॉडबसचा भोळेपणा महागातही पडतो. आज्ञा कोण देतंय, हे ती विचारतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या लव्हीव शहरात हल्लेखोरांनी इमारतींना ऊब पुरवणाऱ्या यंत्रणेच्या नियंत्रकांना मॉडबसमधूनच आज्ञा धाडल्या. कडाक्याच्या थंडीत सहाशेहून अधिक इमारती जवळपास दोन दिवस गारठल्या. ओळख तपासणारी मॉडबसची आवृत्ती २०१८ सालीच आली होती. जुन्या उपकरणांना तिचा उपयोग नाही.

आपल्या पॅनेलवरचा इलाज त्या मानाने सोपा. संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ड स्वॅप', म्हणजे दोन तुकड्यांची अदलाबदल, नावाचा एक चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली, की शून्याच्या जागी २३०.५ उमटतं. शहाणा माणूस मग पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो: स्लेव्ह आयडी १, ९६००, वर्ड स्वॅप.